समजा सरांची भीती

लग्नात समजा सरांच्या शेजारी सहसा कुणी जेवायला बसत नसे. शेजारच्यानं मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावला की सर हळूच म्हणायचे, "समजा, यातला बर्फ ज्या पाण्याचा आहे ते पाणी..." पुढचं बोलायची गरज पडत नसे. ग्लास खाली ठेवला गेलेला असे. पंख्याखाली बसण्याआधी ते मान वर करून पंख्याचा नट बघत, जिना भिंतीकडून चढत, आणि कुत्रं दिसलं की तीन गल्ल्यांचा वळसा घालत. दुधानं तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. सरांचं तोंड कधी भाजलंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, पण ताक मात्र ते फुंकत. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे. खरं नाव कॉलेजच्या कागदांपुरतं. आम्हाला, आमच्या आयांना, गेटवरच्या चहावाल्याला ते समजा सरच. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आता माझ्या वर्गातली पोरं माझ्याबद्दल हेच बोलतात, तेही माझ्या कानावर आहे.

फळ्यावर 'समजा क्ष' लिहिलं की बाकीचे गणिताचे शिक्षक पुढच्या ओळीकडे वळतात. सर तिथंच थांबायचे. "क्ष म्हणजे कोण? माणूस, डास की केळीचं खोड? आधी ते सांगा, मग पुढे जाऊ." रोगांची गणितं हा त्यांचा विषय. वस्तीत निरोगी किती, आजारी किती, बरे झालेले किती, आणि रोज यातले किती इकडून तिकडे जातात, हे समीकरणात मांडायचं आणि पुढच्या महिन्यात काय होईल ते काढायचं. आम्हाला ती परीक्षेची दहा मार्कांची गंमत वाटायची. सर मात्र उत्तर आलं की खडू ठेवून खिडकीबाहेर बघत राहायचे.

या भीतीचं मूळ रावेरकडचं. तिथं त्यांच्या वडिलांची केळी होती. सर नुकतेच नोकरीला लागले होते, तेव्हा बागेत एका कोपऱ्यात चार-सहा झाडांची पानं पिवळी चट्टेरी पडली. हा रोग मावा नावाची बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. सरांनी सुट्टीत बसून ओळींचा नकाशा काढला, मावा किती दिवसांत किती पुढे सरकतो ते मोजलं आणि वडिलांना सांगितलं, झाडं आजच उपटा, नाहीतर घड धरायच्या आत अर्धी बाग जाईल. वडील हसले. चार झाडांसाठी कुणी एवढं घाबरतं का? घड धरायच्या आत अर्धी बाग उपटावी लागली, नकाशातल्या ओळी जवळजवळ त्याच. वडील बांधावर बसून म्हणाले, "भो, तुह्या कागदानं सांगितलं तसंच झालं." सर मला म्हणायचे, "गणित बरोबर आलं की लोकांना आनंद होतो. मला त्या दिवसापासून धसकाच बसलाय."

त्यांचं एक वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. "सुरुवातीला रोगाची रेघ आडवी असते, झोपलेल्या माणसासारखी. घाबरायचं ते तेव्हा. ती उठून उभी राहिली की मग घाबरून काही उपयोग नाही." एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्याच हाताखाली संशोधनाला लागले. घरी आई म्हणाली, घाबरट माणसाजवळ राहून तूही तशीच होशील. मी तिला उडवून लावलं. तेव्हा मला वाटायचं, आपण गणितवाले, आपल्याला कसली भीती.

आमचा विषय होता डेंगी, आणि जागा माझीच वस्ती. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घराघरात पिंपं, हंडे, सिमेंटच्या टाक्या. डेंगीच्या डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून डास उडायला साधारण आठ ते दहा दिवस. सगळं गणित या दोन आकड्यांवर उभं होतं. आठव्या दिवशी नवं पाणी आलं की बायका जुनं ओतून देत असतील, तर बहुतेक अळ्या डास व्हायच्या आतच मोरीत जाणार. मग एका आजाऱ्यामागे नवा आजारी एकाहून कमी, आणि साथ आपोआप विझणार. ओतत नसतील, तर एकामागे दोन, दोनामागे चार. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं होतं: नवं पाणी भरण्याआधी भांडं पूर्ण रिकामं करता का?

घरोघर जाऊन हे विचारायचं काम माझं. वस्ती माझी, बोली माझी. सर म्हणाले, तुला खरं सांगतील. पहिलं घर आमचंच घेतलं, आईलाच विचारलं. आई म्हणाली, "बठ्ठं रिकामं करतस, मंगच नवं पानी भरतस." बठ्ठं म्हणजे सगळं. मी रकान्यात 'हो' लिहिलं. पुढच्या घरात हो, त्याच्या पुढच्या घरातही हो. काही बायकांनी तर मला पिंप तिरपं करून दाखवलं. मला त्यात विचारण्यासारखं आणखी काही दिसलंच नाही. लहानपणापासून मी स्वतः ते पिंप तसंच रिकामं करत आले होते.

पाऊस सरता सरता वस्तीत तापाचे रुग्ण निघाले. बचत गटाच्या बायकांनी सरांना बोलावलं. सर हातात कागद धरून उभे राहिले आणि कधी नव्हे ते म्हणाले, "यंदा फार वाढणार नाही. तीन आठवड्यांत उतरेल." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. समजा सर घाबरले नाहीत, तर आपण कशाला घाबरायचं? मागं बसलेली एक आजी म्हणाली, "आज काय सूर्य पश्चिमले उगना का?" सगळ्या हसल्या, सरही हसले. मला आठवतंय, मीही पोटभर हसले होते.

त्याच आठवड्यात चोपड्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा, ज्योतीचा फोन आला. पहिलटकरीण, सातवा महिना. माहेरी यायची तयारी झाली होती, पण तिच्या सासूबाईंच्या कानावर धुळ्यातला ताप गेला होता. ज्योती म्हणाली, "ताई, तुझ्या सरांना विचार ना, येऊ का?" मला ती यायलाच हवी होती. सरांच्या खोलीत जाऊन मी विचारलं तेव्हा माझ्या मनात एकच होतं, हा माणूस नाहीच म्हणणार. सरांनी संगणकावर तेच गणित पुन्हा चालवलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा चालवून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "येऊ दे तिला. घाबरू नको." उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून हे शब्द मी एकदाच ऐकले.

ज्योती आली. आईनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले, मी मच्छरदाणी आणली. रेघ उतरायला लागली का ते मी रोज बघत होते, आणि ती उतरत नव्हती. आडवीही नव्हती, किंचित वर निघाली होती. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "थोडे दिवस बघू." पण त्यांनी चहा अर्धाच घेतला. तेराव्या दिवशी सकाळी ज्योतीला कणकण आली. दुपारी डोळे दुखायला लागले, दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ. दवाखान्यात रक्त घेतलं, डेंगी निघाला.

त्यानंतरच्या दिवसांची भीती मला नीट सांगता येत नाही. रोज दोनदा रक्ताचा रिपोर्ट यायचा. प्लेटलेट ऐंशी हजार, मग एकसष्ट, मग चव्वेचाळीस. आयुष्यभर आकड्यांत रमलेली मी, आकडा वाचायला घाबरत होते. आधी नर्सच्या चेहऱ्याकडे बघायचे, मग कागदाकडे. ज्योती पोटावर हात ठेवून पडलेली असायची. बाळ हललं की सांगायची, "हललं गं." मग आम्ही सगळे पुढच्या 'हललं गं'ची वाट बघायचो. सर रोज यायचे, पण खोलीत येत नसत. जिन्याजवळ भिंतीला टेकून उभे राहायचे. मी बाहेर गेले की विचारायचे, "आता किती?" मी आकडा सांगायची आणि ते मान हलवायचे.

चौथ्या दिवशी मी कपडे आणायला घरी निघाले, सरही बरोबर आले. नेमकं पाणी आलं होतं. आई दोन तासांसाठी दवाखान्यातून आलेली, ती मोरीत पिंप धूत होती. तिनं ते तिरपं केलं, पाणी ओतलं, हात फिरवला आणि पिंप सरळ उभं करून त्यात नळी सोडली. सर दारातून बघत होते. ते म्हणाले, "ताई, थांबा. तळाला पाणी राहिलंय." आई त्यांच्याकडे अशी बघायला लागली, जणू या शिकलेल्या माणसाला एवढंही कळत नाही. म्हणाली, "तांब्याभर ठेवणंच पडस सर. पानीनं भांडं घरमा कोनी रितं करस का?"

सर खाली बसले. मोबाइलचा दिवा लावून त्यांनी पिंपात पाहिलं आणि मला हातानं बोलावलं. तळातल्या तांब्याभर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. आठ दिवसांच्या, अजून दोन दिवसांत उडणाऱ्या. वरून नवं पाणी पडत होतं. सगळी वस्ती भांडं असंच रिकामं करत होती. सगळ्या जणी खरं बोलल्या होत्या, आणि मीही खरंच लिहिलं होतं. सर उठताना एवढंच म्हणाले, "आमच्या घरीही असंच करतात. तीस वर्षं बघतोय मी."

तिथून ते थेट कॉलेजात गेले. संध्याकाळी मला बोलावलं. त्यांनी एकच आकडा बदलला होता. भांडं पूर्ण रिकामं करणारी घरं, जवळजवळ सगळी, याऐवजी जवळजवळ शून्य. पडद्यावर रेघ सुरुवातीचे दिवस आडवी चालली आणि मग सरळ उभी राहिली. "आणि मी त्या बायकांना सांगून आलो, ताप उतरेल," सर म्हणाले. मला फक्त ज्योती दिसत होती.

पाचव्या दिवशी बाळ हललं नाही. डॉक्टरांनी यंत्र लावून पाहिलं आणि आईला बाहेर बोलावलं. ज्योती वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

त्या दिवसापासून सरांनी जे केलं, ते त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. कुत्र्यांना भिणारा, भांडणाचा आवाज आला तरी वर्गाचं दार लावून घेणारा हा माणूस सकाळी सातला आमच्या वस्तीत हजर व्हायचा आणि एकेका दारात उभा राहून सांगायचा, "मी चुकलो. मी सांगितलं होतं ताप उतरेल, तो वाढणार आहे. तळातलं पाणीही काढा." काही घरांत त्यांना वाट्टेल ते ऐकावं लागलं. ज्या घरात पोरगं तापानं फणफणत होतं, तिथल्या बाईनं त्यांच्या तोंडावर दार लावलं. सर दाराबाहेर थोडं थांबले, घाम पुसला आणि पुढच्या दारात गेले. मी मागं उभी असायची.

तरी बायका ऐकेनात. रितं भांडं म्हणजे घरातली बरकत गेली, हे त्यांच्या आज्यांनी सांगितलेलं. ते एका घाबरट मास्तरानं पुसून टाकावं? सरांनी वाद घातला नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी सांगितलं, "घर रितं ठेवू नका, बरोबर आहे तुमचं. आधी एका तांब्यात नळाचं ताजं पाणी घ्या, झाकण लावून पिंपाशेजारी ठेवा. घरात पाणी आहे. आता पिंप उपडं करा." हे आईला पटलं, आणि आईला पटल्यावर आमची गल्ली ऐकायला लागली. हळूहळू रेघ खाली आली. मी म्हटलं, सर, जमलं आपल्याला. ते म्हणाले, "थंडीही पडायला लागली आहे. कशानं उतरली हे सांगणारा आकडा आपल्याकडे नाही. शाबासकी घेऊ नको."

ज्योतीला घरी आणलं त्या दिवशी सर भेटायला आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "ज्योती, तू माझ्या शब्दावर आलीस," ते म्हणाले, "आकडा माझा चुकला." ज्योतीनं भिंतीकडे तोंड केलं. मी बोलायला तोंड उघडलं, कारण तो 'हो' माझ्या हातचा होता, आणि सरांनी वर्गातल्या आवाजात मला गप्प केलं, "या कामाचा मार्गदर्शक कोण आहे?" अहवालातही त्यांनी लिहिलं, प्रश्न माझा, चूक माझी. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज आजवर गेलेली नाही. बहीण मला काय म्हणेल, या भीतीनं मी त्या भल्या माणसाला पुढं उभं राहू दिलं.

निवृत्त झाल्यावर सर रावेरला गेले. मी एकदा भेटायला गेले तेव्हा अंगणात बसले होते, काकू शेंगा सोलत होत्या. बोलता बोलता मी म्हटलं, "सर, ज्योतीला मी अजून सांगितलेलं नाही." त्यांनी मान हलवली. "मला माहीत आहे. घाबरायला माझी ना नाही. पण भीती पोटात ठेवून कुजवू नये. कुणाच्या तरी कामी आली पाहिजे." मग म्हणाले, निघ आता, तुझी एसटी केळीच्या ट्रकांच्या रांगेत अडकेल. सहा महिन्यांनी काकूंचा फोन आला. सर झोपेतच हृदयविकारानं गेले होते. हृदयाचं सगळं त्यांनी दोनदा तपासून घेतलं होतं.

गेल्या भाद्रपदात ज्योतीला पुन्हा दिवस होते. दुपारी तिचा फोन आला. तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. सासरी सगळे म्हणत होते, धुळ्याला नको. ती म्हणाली, "मला आईजवळ राहायचंय. ताई, तू सांग, येऊ का?" मी म्हटलं, आधी तुला एक सांगायचंय, आणि सगळं सांगून टाकलं. पहिलं घर आपलंच होतं, आईला मीच विचारलं, 'हो' मीच लिहिलं, सरांनी स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं.

तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मला विचारलं असतंस ना, तर मीही 'हो'च सांगितलं असतं." मी रडत होते. तिनं मला रडू दिलं, मग विचारलं, "आता काय वाटतं तुला? खरं सांग."

मी म्हटलं, "रोज सगळी पिंपं मी स्वतः बघते. आकडे बरे आहेत. पण मला भीती वाटते, ज्योती. फार भीती वाटते."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "रविवारी येते."